रात्री काहीच खाल्लं नाही, मग सकाळची शुगर वाढली कुठून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते कळेल. वय ४७, दीड वर्षापूर्वी टाइप २ मधुमेह निघाला. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे, दुसरी गोळी नाही. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज) ७.१. वजन ६४ किलो, उंची साडेपाच फूट, म्हणजे चारचौघांत कुणी तुम्हाला जाड म्हणणार नाही. रात्री साडेआठला दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भाजी, वरण. झोपताना मीटरवर १२८ आणि सकाळी सहाला १४९. मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही. वैतागून आठवडाभर रात्रीचं जेवणच सोडलंत, तरी सकाळचा आकडा १४० च्या खाली उतरला नाही. म्हणून विचारताय की स्वादुपिंड पार बंद पडलंय का, आणि आता करायचं काय.

आधी धीराची गोष्ट. स्वादुपिंड बंद पडलेल्या माणसाची सकाळची शुगर १४९ नसते. ती ३००-४०० च्या घरात असते, वजन झरझर उतरतं, घशाला सतत कोरड पडते आणि लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, दिसायला लागतात. तुमचा आकडा सांगतोय की काम चालू आहे, फक्त थोडं कमी पडतंय. नेमकं कुठे कमी पडतंय, ते समजलं की जेवण सोडून आकडा का हलला नाही हेही समजेल.

ही तक्रार ओपीडीत रोजची आहे आणि तिच्यामागचा समजही ठरलेला असतो: सकाळची शुगर म्हणजे रात्रीच्या जेवणाची शिल्लक. तसं नसतं. साधं मिश्र जेवण चार-पाच तासांत आतड्यातून बऱ्यापैकी शोषलं जातं. पहाटे तीननंतर तुमच्या रक्तात फिरणारी साखर मुख्यतः लिव्हरने सोडलेली असते. ती सोडलीच पाहिजे, कारण मेंदूला झोपेतसुद्धा तासाला पाचेक ग्रॅम ग्लुकोज लागतं.

थोडा हिशेब करू. अंगात साधारण पाच लिटर रक्त. शुगर १०० असेल, म्हणजे १०० मिलीलिटरला १०० मिलीग्रॅम, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तुमच्या वजनाच्या माणसाचं लिव्हर रात्री तासाला सात-आठ ग्रॅम ग्लुकोज बाहेर सोडतं. रात्रभरात पन्नास-साठ ग्रॅमची ये-जा होते. ग्लुकोज रक्तापुरतं राहत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातही पसरतं. तोही धरला तर शुगर १२८ वरून १४९ वर जायला जादा लागतात जेमतेम तीन ग्रॅम. एवढ्या उलाढालीत तीन ग्रॅम इकडचे तिकडे, एवढाच तुमच्या रात्रीचा घोटाळा आहे. आश्चर्य खरं तर याचं वाटायला हवं, की निरोगी माणसात तेवढाही होत नाही.

तो होऊ न देण्याचं काम स्वादुपिंडातल्या मूठभर पेशी करतात. बहुतेक सगळं स्वादुपिंड पाचकरस बनवण्यात गुंतलेलं असतं, त्याचा शुगरशी थेट संबंध नाही. त्या पेशींच्या मधे मधे वेगळ्याच पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्रबंधात नोंदवले. ते करतात काय, हे त्याला सांगता आलं नव्हतं. आज त्यांना आपण लँगरहान्सची बेटं म्हणतो. माणसात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात आणि सगळ्यांचं वजन मिळून एक-दोन ग्रॅम भरतं. जाता जाता सांगतो, पोटाच्या सोनोग्राफीत ‘स्वादुपिंड नॉर्मल’ असं आलं म्हणून शुगरची काळजी मिटली, असं धरणारे पुष्कळ भेटतात. सोनोग्राफीत ही बेटं दिसतच नाहीत.

बेटात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी. निम्म्याहून जास्त बीटा, त्या इन्सुलिन बनवतात. उरलेल्यांत बहुतेक अल्फा, त्या ग्लुकॅगॉन बनवतात. थोड्या डेल्टा असतात, त्या सोमॅटोस्टॅटिन नावाचं संप्रेरक सोडून या दोघींना आवर घालतात. बीटाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. अल्फाचं नाव पेशंटनी सोडाच, पुष्कळदा आम्हा डॉक्टरांच्या बोलण्यातही येत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र निम्मं तिच्याकडे आहे.

बीटा पेशीला शुगर वाढल्याचं कळतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. तिला वरून कुणी हुकूम देत नाही. ती स्वतःच थोडं ग्लुकोज जाळून पाहते. रक्तातलं ग्लुकोज आत आलं की ग्लुकोकायनेज नावाचं विकर त्यावर पहिली प्रक्रिया करतं. रक्तात साखर जितकी जास्त, तितका या प्रक्रियेचा वेग जास्त. त्यातून पेशीत ऊर्जा वाढते, आणि ती वाढली की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं बंद होतात. त्यामुळे आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या बारीक पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. हे सगळं काही मिनिटांत. पहिल्या दहा मिनिटांत जो इन्सुलिनचा झोत येतो तो आधीच तयार ठेवलेल्या पिशव्यांचा. पुढचा पुरवठा सावकाश आणि लांबवर चालतो. टाइप २ मध्ये हा पहिला झोत फार लवकर मावळतो. जेवणानंतरची शुगर चढते त्यात याचा मोठा वाटा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या हेच पोटॅशियमचं दार बाहेरून बंद करतात. रक्तात साखर वाढलेली असो वा नसो, दार बंद. म्हणून त्या गोळ्या घेऊन जेवण चुकवलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. तुम्ही नुसत्या मेटफॉर्मिनवर आहात म्हणून आठवडाभर जेवण सोडूनही निभावलं. हे वाचून दुसऱ्या कुणी तो प्रयोग करू नये.

आता अल्फा. शुगर ६५-७० च्या आसपास उतरायला लागली की अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडते. ते लिव्हरला दोन गोष्टी करायला लावतं: साठवलेलं ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज काढायचं, आणि तेवढ्याने भागत नसेल तर अमिनो आम्लांसारख्या कच्च्या मालापासून नवं बनवायचं. उपवासात माणूस चक्कर येऊन पडत नाही तो यामुळे. शुगर वाढली की अल्फाने गप्प बसायचं असतं, आणि तिला गप्प बसवणाऱ्यांत शेजारच्या बीटा पेशीचं इन्सुलिन महत्त्वाचं. बेटात या पेशी एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे बीटाने सोडलेलं इन्सुलिन तिथल्या तिथे अल्फापर्यंत पोचतं. नुसती अंडी किंवा चिकन खाल्लं तर दोघीही कामाला लागतात. प्रथिनांमुळे इन्सुलिन सुटतं, पण सोबत ग्लुकॅगॉनही सुटतं, म्हणून शुगर न घसरता जागच्या जागी राहते. शरीराने ही जोडी किती विचाराने बसवली आहे, असं मला हे शिकवताना दर वेळी वाटतं.

स्वादुपिंडातून निघालेलं रक्त थेट अंगभर जात नाही. ते पोर्टल शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं. म्हणजे इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन दोन्ही सगळ्यात आधी आणि सगळ्यात दाट स्वरूपात लिव्हरला भेटतात. जवळपास निम्मं इन्सुलिन तर तिथेच वापरलं जाऊन संपतं. लिव्हर रात्रभर किती साखर सोडणार हे या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. इन्सुलिन हा ब्रेक धरला तर ग्लुकॅगॉन म्हणजे ॲक्सिलरेटर.

मधुमेहात तीन गोष्टी एकदम बिघडतात. बीटा पेशींची ताकद कमी होते. ब्रिटनमध्ये झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात निदानाच्या वेळीच त्यांची कार्यक्षमता निम्म्यावर आलेली आढळली होती, म्हणजे घसरण त्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेली असते. दुसरं, इन्सुलिन अपुरं पडल्याने अल्फा पेशींवरचा वचक सुटतो, आणि शुगर १३०-१४० असतानाही त्या ग्लुकॅगॉन सोडत राहतात. तिसरं, लिव्हरमध्ये चरबी साठली असेल तर ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. त्यात पहाटे सगळ्यांच्याच शरीरात ग्रोथ हॉर्मोनचा आणि कॉर्टिसॉलचा परिणाम असतो, म्हणजे लिव्हरला उठवणारी आणखी दोन संप्रेरकं. निरोगी माणसाची बीटा पेशी थोडं जादा इन्सुलिन सोडून ते निभावते. तुमची थोडी कमी पडते. तेच ते तीन ग्रॅम.

जेवण सोडून आकडा का हलला नाही, हे आता दिसेल. पोटातून येणारी साखर तुम्ही बंद केलीत, पण लिव्हरची आवक चालूच राहिली. उपाशी राहिल्यावर इन्सुलिन आणखी उतरतं, ग्लुकॅगॉन चढतं, म्हणजे लिव्हरला मोकळीकच. बऱ्याच जणांचा अनुभव असतो की सकाळी नाश्ता लांबवला तर शुगर आणखी चढते आणि दोन घास खाल्ल्यावर उलट खाली येते. काही खाल्लं की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, ते बीटाला चालना देतं, अल्फाला दाबतं, आणि लिव्हरचा नळ आवळला जातो. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या याच जीएलपी-१ ला जास्त वेळ टिकवतात.

इथपर्यंतचं सगळ्यांना लागू. पुढचं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मी तुम्हाला तपासलेलं नाही.

आधी मीटर. चांगल्या ग्लुकोमीटरलासुद्धा १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे तुमचं १२८ प्रत्यक्षात १४० असू शकतं आणि १४९ सुद्धा १४० असू शकतं. एका रात्रीच्या दोन आकड्यांवरून मी काहीच ठरवत नाही. तीन-चार रात्री सलग तोच कल दिसला तर मानतो. पट्टीची मुदत पाहा, डबी उघडी ठेवू नका, आणि हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. एक काकू सकाळी २३८ आली म्हणून घाबरून धावत आल्या होत्या. नातवाच्या डब्यासाठी गूळ-पोळीचा लाडू वळून झाला होता आणि बोट नुसतं पदराला पुसलेलं. हात धुऊन दुसऱ्या बोटावर घेतली तर १३४. आणि तपासायची ती उठल्या उठल्या. तासभर भरभर चालून आल्यावर किंवा लॅबच्या रांगेत नऊपर्यंत ताटकळल्यावर घेतलेली ‘फास्टिंग’ काही जणांत जास्त येते.

मग दोन रात्री पहाटे तीनचा गजर लावा. झोपताना, तीनला आणि उठल्यावर, असे तीन आकडे लिहा. तीनपर्यंत सरळ आणि नंतर चढलेली असेल तर ती पहाटेची वाढ, वर सांगितलेली. झोपतानाच १६०-१७० असेल आणि रात्रभर तिथेच रेंगाळत असेल तर रात्रीच्या जेवणाची वेळ आणि ताट पाहावं लागेल. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा रात्री दहाला तळकट खाल्ल्यावर शोषण लांबतं, तेव्हा असं दिसतं. तीनला ७० च्या खाली गेली तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवायचं. तसं सहसा इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांत होतं, नुसत्या मेटफॉर्मिनवर क्वचित. ‘रात्री उतरली म्हणून सकाळी उसळली’ हे स्पष्टीकरण फार ऐकू येतं, पण वाटतं तितक्या वेळा ते खरं नसतं. रात्री उतरलेली शुगर बहुतेकदा सकाळीही कमीच असते.

तुम्ही लिहिलंय, ‘मी जाड नाही, मग लिव्हरमध्ये चरबी कशी असेल?’ याचं उत्तर आपल्या पुण्यात फार नीट शोधलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना सारखंच सांगत होता. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला, त्यात आपली बाळं जन्मतः वजनाने कमी पण चरबीने त्या मानाने भरलेली दिसली. म्हणून काटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर असेल तर तुमचा ६४ किलोचा आकडा मला समाधान देणार नाही. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले असतील, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहिलेलं असेल, तर संशय पक्का.

तसं असेल तर माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट म्हणजे चार-पाच किलो कमी करणं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉक्टर रॉय टेलर अनेक वर्षं हे मांडत आले आहेत की लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की दमलेल्या बीटा पेशींपैकी काही पुन्हा कामाला लागतात. २०१७ मध्ये आलेल्या डायरेक्ट चाचणीत वजन उतरवण्याचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची शुगर वर्षभराने औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ते लोक तुमच्यापेक्षा बरेच जाड होते, आणि त्या सगळ्यांना मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झाला होता. तुमचं दीड वर्ष झालंय, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. मात्र सगळ्यांना हे साधतं असं नाही, आणि वजन परत आलं की शुगरही परत येते.

रोजचं काय करायचं तर जेवण सोडू नका, लवकर आणि हलकं करा. साडेसातला बसा. दोनऐवजी एक भाकरी, त्या जागी उसळ किंवा डाळ वाढवा, भाजी दुप्पट. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला, गच्चीत फेऱ्या मारल्या तरी चालेल. मालिका बघताना भडंग आणि चिवड्याची वाटी फिरते, तिची नोंद कुणीच जेवणात करत नाही. ती करा. घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, दिवसा पेंग येत असेल, रात्रपाळी असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. झोप मोडली की पहाटेची शुगर चढते आणि मग नुसत्या पथ्याने भागत नाही.

औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासारखा मुद्दा आहे. मेटफॉर्मिनचं मुख्य काम लिव्हरची आवक कमी करणं हेच, म्हणजे तुमच्या नेमक्या दुखण्यावरच. दिवसाला १००० मिलीग्रॅम हा मधला डोस आहे, पुष्कळांना २००० पर्यंत नेतात. रात्रीचा वाढवायचा का, हे क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटाची सहनशक्ती पाहून तेच ठरवतील. बरीच वर्षं घ्यायची असेल तर अधूनमधून बी१२ तपासून घ्यावं.

कारल्याच्या रसाचं आणि ‘बीटा पेशी पुन्हा जिवंत करणाऱ्या’ चूर्णाचं विचारलंत. कारल्याने काहींची शुगर थोडी उतरते, आवडत असेल तर भाजी खुशाल खा. माणसात त्याने नव्या बीटा पेशी उगवल्याचं कुणी दाखवलेलं नाही. चूर्णाच्या पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. अशा पुड्यांत आपल्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्याची उदाहरणं आहेत.

शेवटी सी-पेप्टाइडची तपासणी. बीटा पेशी आधी मोठं प्रोइन्सुलिन बनवते, ते तुटून एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड होतं, सारख्याच संख्येने. म्हणून सी-पेप्टाइडवरून तुमचं स्वतःचं उत्पादन किती ते कळतं, इंजेक्शनचं इन्सुलिन त्यात मिसळत नाही. १४९ आणि ७.१ वर मला तिची गरज वाटत नाही. करायचीच तर त्याच वेळची शुगरही मोजून घ्या, नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. पण पथ्य तेच असताना दोन-तीन महिन्यांत शुगर अचानक २५० च्या पुढे गेली आणि न प्रयत्न करता वजन उतरायला लागलं, तर चित्र वेगळं. तेव्हा सी-पेप्टाइड, टाइप १ च्या अँटीबॉडी आणि पोटाचा स्कॅन, तिन्हींचा विचार करावा लागतो. त्यातच उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर मीटरच्या नोंदी लिहीत बसू नका, त्याच दिवशी जवळच्या हॉस्पिटलात जाऊन कीटोन तपासून घ्या.